डोपिंग किंवा फिक्सिंगमध्ये सापडलेल्या खेळाडूला दुसरी संधी द्यावी का?

द्यावी, असंच माझं मत आहे. पण शिक्षा पूर्ण भोगल्यावर, आणि तीही कबुली मनापासून असेल तरच.

पाकिस्तानच्या मोहम्मद आमिर या वेगवान गोलंदाजाचं बघा. 2010 मध्ये लॉर्ड्सवर पैसे घेऊन त्याने मुद्दाम नो-बॉल टाकले. पाय रेषेच्या इतका पुढे पडला होता की टीव्हीवर बघणाऱ्यालाही खटकावं. वय अवघं 18, आणि सोबत आरोपी कोण, तर खुद्द संघाचा कर्णधार! त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला, तुरुंगात गेला, पाच वर्षांची बंदी भोगली. 2017 च्या चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात त्याने रोहित, कोहली आणि धवनला बाद केलं, तेव्हा भारतीय म्हणून वाईट वाटलं, पण तो खेळतोय यात मला काही गैर वाटलं नाही.

अमेरिकन सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगबद्दल मात्र माझं मन अजून द्रवत नाही. उत्तेजक द्रव्यं घेतल्यामुळे त्याची 'टूर द फ्रान्स' या सायकल शर्यतीची सात विजेतेपदं गेली ती 2012 मध्ये. त्याआधी वर्षानुवर्षं त्याने खरं बोलणाऱ्यांनाच खोटं ठरवलं, कोर्टात खेचलं. त्याला माफ करायचं की नाही हे त्या माणसांनी ठरवावं, प्रेक्षकांनी नाही.

आणि संधी म्हणजे मैदानावर उतरण्याची परवानगी. जुनी पदकं परत मिळणार नाहीत, ती ज्याची हुकली त्याची आहेत.