शाळेत मिळवलेले कॉलेजचे क्रेडिट पुढे चालतात का?

प्रश्न: ताई, आम्ही टेक्सासमध्ये असतो. मुलीने अकरावी-बारावीत शाळेतूनच कम्युनिटी कॉलेजचे ड्युअल क्रेडिट कोर्स (शाळेत आणि कॉलेजात, दोन्हीकडे मोजले जाणारे) केले, एकूण २४ क्रेडिट झालेत. इंग्लिश १३०१ आणि १३०२, हिस्टरीचे दोन, गव्हर्नमेंटचे दोन, सायकॉलॉजी आणि कॉलेज अल्जेब्रा. आता मेकॅनिकल इंजिनियरिंगला जायचंय, एक राज्यातली सरकारी युनिव्हर्सिटी आणि एक बाहेरच्या राज्यातली खासगी, दोन्हीकडे अ‍ॅडमिशन मिळालीय. ह्यांचं म्हणणं एक वर्ष वाचलं, म्हणजे एका वर्षाची फी वाचली. खरंच वाचतं का?

उत्तर: पहिल्यांदा मुलीला शाबासकी द्या, बारावीत २४ क्रेडिट म्हणजे खायचं काम नाही. पण ह्यांनी फीचे पैसे मनातल्या मनात दुसरीकडे खर्च केले असतील तर त्यांना जरा थांबवा.

"क्रेडिट घेतले" आणि "क्रेडिट डिग्रीला लागले" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळा घोळ इथेच होतो. युनिव्हर्सिटी म्हणते हो, तुमचे २४ घेतले, आपण खूश, आणि मग कळतं की त्यातले काही नुसते इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय म्हणून पडून आहेत आणि त्या मेजरला, म्हणजे मुख्य विषयाच्या डिग्रीला तेवढे इलेक्टिव्ह लागतच नाहीत.

सरकारी युनिव्हर्सिटीचं आधी बघू. टेक्सासमध्ये ४२ क्रेडिटचा कोअर, म्हणजे सगळ्यांना लागणारे सामाईक विषय असतात आणि त्यातले कोर्स राज्यातल्या एका सरकारी कॉलेजातून दुसऱ्यात जातात. कोर्सचे नंबरही बहुतेक ठिकाणी सारखेच, १३०१ मधला पहिला आकडा वर्ष सांगतो आणि दुसरा क्रेडिट किती ते. त्यामुळे तुमचे इंग्लिश, हिस्टरी, गव्हर्नमेंट, सायकॉलॉजी मिळून २१ क्रेडिट बहुतेक नीट जागेवर बसतील, फक्त इंग्लिश १३०२ च्या ऐवजी मेजरला टेक्निकल रायटिंग लागत नाही ना तेवढं बघून घ्या. राहिला कॉलेज अल्जेब्रा. इंजिनियरिंगची गणिताची सुरुवातच कॅल्क्युलसपासून होते, म्हणून तो दिसेल ट्रान्स्क्रिप्टवर (मार्कांच्या अधिकृत उताऱ्यावर) पण डिग्रीच्या हिशोबात धरणार नाहीत.

आता वर्ष. इंजिनियरिंगमध्ये कॅल्क्युलस एक झाल्याशिवाय दोन नाही, दोन झाल्याशिवाय तीन नाही, फिजिक्सही त्याच्यामागेच आणि स्टॅटिक्स, डायनॅमिक्स त्याच्याही मागे. ही साखळी हिस्टरीच्या क्रेडिटने आखूड होत नाही. म्हणजे बहुतेक चार वर्षं लागतीलच, फक्त प्रत्येक सेमिस्टरला एखादा कोर्स कमी घ्यावा लागेल. मला विचाराल तर तेही काही कमी नाही, १७ च्या ऐवजी १३-१४ क्रेडिट असले की मूल रात्री झोपतं, आणि को-ऑप (शिकता शिकता कंपनीतलं काम) किंवा मायनर (जोडविषय) करायला जागा होते.

खासगीचं गणित वेगळंच. तिथे राज्याचा नियम लागू नाही, ते स्वतः ठरवतात. बऱ्याच ठिकाणी विचारतात की कोर्स कॉलेजच्या कॅम्पसवर झाला की शाळेच्या वर्गात, आणि तोच कोर्स हायस्कूल डिप्लोम्यासाठी मोजला का. मोजला असेल तर कित्येक जण सरळ नाही म्हणतात. म्हणून डिपॉझिट भरायच्या आधी दोन्हीकडे ईमेल टाका, आणि "क्रेडिट घेता का" असं नका विचारू, "या मेजरच्या डिग्री प्लॅनमध्ये हा कोर्स कुठल्या कोर्सच्या जागी बसेल" असं विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. सिलॅबस जपून ठेवा, नाही म्हटलं तर डिपार्टमेंटकडे परत मागणी करताना तोच दाखवायचा असतो.

आणि ट्रान्स्क्रिप्ट! शाळेच्या ट्रान्स्क्रिप्टवर कोर्स दिसतात म्हणून निवांत राहू नका, कम्युनिटी कॉलेजचं ऑफिशियल वेगळं मागवावं लागतं, तेही शेवटचे ग्रेड चढल्यावर. आमच्याकडे हेच राहिलं. जूनमध्ये ओरिएंटेशनला गेलो तर सिस्टिममध्ये लेकाचे क्रेडिट शून्य, अ‍ॅडव्हायजरने झालेलंच इंग्लिश पुन्हा घ्यायला लावलं आणि ऑगस्टमध्ये ते काढून दुसरं शोधेपर्यंत चांगले सगळे वर्ग भरलेले.

प्रश्न: मुलाला एपीच्या, म्हणजे हायस्कूलमध्ये देतात त्या कॉलेज-पातळीच्या परीक्षांत, कॅल्क्युलस बीसीमध्ये ५ पैकी ५ आणि केमिस्ट्रीत ४ मिळालेत. हे तर सगळीकडे चालतं ना?

उत्तर: सगळीकडे नाही. परीक्षा कॉलेज बोर्डाची, पण क्रेडिट द्यायचं का आणि किती स्कोअरला, हे प्रत्येक युनिव्हर्सिटी ठरवते. एमआयटी बीसीच्या ५ वर पहिल्या कॅल्क्युलसचं क्रेडिट देते, केमिस्ट्रीचं देत नाही. कॅलटेक आणि डार्टमथ एपीचे क्रेडिट डिग्रीला धरतच नाहीत, फार तर वरच्या वर्गात बसायला उपयोग. सरकारी युनिव्हर्सिट्या बहुतेक हात सैल ठेवतात. स्कोअर कॉलेज बोर्डाकडूनच पाठवायचा, दरवर्षी एका ठिकाणी फुकट पाठवता येतो पण २० जूनच्या आत कॉलेज निवडायला हवं. काही ठिकाणी क्रेडिट आपोआप लागत नाही, मुलाला लॉगिन करून क्लेम करावं लागतं. क्लेम करायच्या आधी मेडिकलचा विचार असेल तर थांबा, काही मेडिकल स्कूल एपीची केमिस्ट्री धरत नाहीत.

प्रश्न: एका ड्युअल क्रेडिट कोर्सला डी आलाय. ते ट्रान्स्क्रिप्ट पाठवलंच नाही तर?

उत्तर: नको हो असं. अर्जात सगळे कॉलेज कोर्स सांगावे लागतात आणि लपवलेलं नंतर सापडलं तर अ‍ॅडमिशनवरच येतं. डीचं क्रेडिट बहुतेक मिळणार नाही, साधारण सी तरी लागतो, पण नव्या युनिव्हर्सिटीत जीपीए बहुधा कोरा सुरू होतो, त्यामुळे तिथे डी मोजला जात नाही. मेडिकलच्या अर्जात मात्र हायस्कूलमध्ये केलेले कॉलेज कोर्सही ग्रेडसकट धरतात, तिथे तो पुन्हा भेटेल. बारावी संपायला अजून अवकाश असेल तर शाळेच्या काउन्सेलरला विचारा, तोच कोर्स पुन्हा घेता येतो का ते.