आईची प्रतिकारशक्ती गर्भाला परका समजून नाकारत का नाही?

आपला प्रश्न असा आहे की, निम्मी जनुके वडिलांकडून आलेल्या गर्भाला, परक्याची किडनी नाकारणारे आईचे शरीर नऊ महिने कसे सांभाळते. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी 1953 साली हाच प्रश्न मांडला होता. आईची प्रतिकारशक्ती मंदावत असावी, ही त्यांनी सुचवलेल्या शक्यतांपैकी एक आजही उत्तर म्हणून सांगितली जाते. मला ते पटत नाही. गरोदरपणी दिलेल्या धनुर्वाताच्या लसीने आईच्या रक्तात प्रतिपिंडे व्यवस्थित तयार होतात आणि बाळापर्यंत पोहोचतातही.

मुळात आईच्या पेशींची गाठ पडते ती वारेच्या, म्हणजे गर्भाला आईशी जोडणाऱ्या प्लासेंटाच्या, पेशींशी. वारेचा जो थर आईच्या रक्तात बुडालेला असतो, त्याच्यावर परकेपणा ओळखण्याची एचएलए प्रथिनेच नसतात. वारेच्या दुसऱ्या काही पेशी मात्र गर्भाशयाच्या अस्तरात खोलवर शिरतात. त्यांच्यावर एचएलए-ए आणि बी नसतात, तर सी, ई आणि जी असतात. यांतील ई आणि जी माणसागणिक फारसे बदलत नसल्याने वडिलांची ओळख मुख्यतः सी मधूनच उघड होते.

पहिल्या तिमाहीत या अस्तरातील पांढऱ्या पेशींपैकी सुमारे 70 टक्के पेशी ‘नैसर्गिक मारक’, म्हणजे एनके, प्रकारच्या असतात. नाव भयंकर असले तरी येथे त्या क्वचितच मारतात. आपल्या पृष्ठभागावरील केआयआर नावाच्या ग्राहक प्रथिनांनी (रिसेप्टरनी) एचएलए-सी ओळखून त्या अशी द्रव्ये सोडतात की, वारेच्या पेशी पुढे सरकतात आणि गर्भाशयाच्या नागमोडी धमन्यांची स्नायुमय भिंत जाऊन त्या रुंद होतात. धमन्या पुरेशा रुंदावल्या नाहीत, तर प्रीएक्लाम्प्सिया (गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोकादायक विकार) किंवा गर्भाची खुंटलेली वाढ उद्भवू शकते. केंब्रिजमधील अ‍ॅशली मॉफेट यांच्या गटाने 2004 मध्ये दाखवले की, आईचा केआयआर प्रकार एए आणि गर्भाचा एचएलए-सी प्रकार सी2 असल्यास, म्हणजे एनके पेशींना जोरदार लगाम बसत असल्यास, प्रीएक्लाम्प्सियाचा धोका वाढतो. मंदावलेल्या प्रतिकारशक्तीने गर्भ टिकतो, या समजुतीला हा निष्कर्ष थेट छेद देतो. उलट टोकाला, सिझेरियनच्या व्रणावर जेथे हे अस्तर विरळ असते, तेथे वार स्नायूत रुतून बसू शकते. नियामक टी पेशीही आईच्या इतर टी पेशींना आवर घालतात, पण तो स्वतंत्र विषय आहे.

वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रियांना काही ठिकाणी रक्तातील एनके पेशी मोजून घेण्यास सांगितले जाते. रक्तातील एनके पेशी आणि गर्भाशयातील एनके पेशी यांचे गुणधर्म वेगळे असल्याने त्या आकड्यावरून गर्भाशयातील स्थिती कळत नाही. तेव्हा त्याच्या आधारे प्रतिकारशक्ती दाबणारे स्टेरॉइड सुचवले गेल्यास दुसऱ्या तज्ज्ञांचे मत अवश्य घ्यावे.