जुन्या खाणींच्या मुलखात जाणाऱ्या मुलीस

भुसावळ

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

झारखंडातल्या सिंगभूमला युरेनियमच्या शोधकामावर रुजू होतेस हे कळलं, फार आनंद झाला. तू यावलकडची, बोअरची गाडी लहानपणापासून पाहिलेली. पण आपल्या तापीखोऱ्यातल्या काळ्या पाषाणात टनामागे एक ग्रॅम युरेनियमही सहसा नसतं. तिकडचा मुलूख वेगळा. तांब्याच्या खाणी तिथे जुन्या काळापासूनच्या, १९५१ साली जादुगुडाला युरेनियम सापडलं, आणि पुढे तांबं काढून उरलेल्या गाळातूनही ते मिळवलं गेलं.

म्हणून अशा भागात आधीच्या लोकांनी काय टाकून दिलं ते पहिल्यांदा बघ. बोहेमियातल्या याखिमोवला चांदीसाठी खणणारे काळा, जड पिचब्लेंड, म्हणजे युरेनियमचं खनिज, बाजूला फेकत. नंतर काच रंगवायला त्यातलं युरेनियम काढू लागले आणि उरलेला चोथा जंगलात टाकू लागले. क्यूरी दांपत्याने रेडियम वेगळं केलं ते त्या चोथ्यातून.

जुन्या नोंदीही बारकाईने वाच, मात्र त्यातला आकडा तसाच उचलू नकोस. यावर मी जरा लांबण लावतो, कारण चुका इथेच होतात. बोअरमध्ये गॅमा लॉगिंगचं, म्हणजे खोलीगणिक गॅमा किरण मोजून नोंद (लॉग) काढायचं, नळीसारखं यंत्र खाली सोडलं तरी ते थेट युरेनियम मोजत नाही. ते जे किरण पकडतं ते मुख्यतः बिस्मथ-२१४ आणि शिसं-२१४ यांचे, म्हणजे युरेनियम टप्प्याटप्प्याने क्षय पावून जे रेडियम होतं, त्याच्याही पुढच्या पिढीचे. भूजलाने युरेनियम धुऊन नेलं आणि रेडियम मागे राहिलं, तर लॉग श्रीमंत दिसतो आणि खडक गरीब निघतो. उलट, युरेनियम नुकतंच येऊन बसलं असेल तर लॉग कमी दाखवतो. जुन्या खाणींजवळ उपशामुळे पाण्याची पातळी वरखाली झालेली असते, त्यामुळे ही शंका तिथे जास्तच धर. कोअरचं, म्हणजे बोअरमधून काढलेल्या खडकाच्या कांडीचं, रासायनिक पृथक्करण लॉगशेजारी ठेवल्याशिवाय टक्केवारी लिहू नकोस. जुन्या बोअरचा कोअर हरवला असेल तर त्याच्या अगदी शेजारी नवा बोअर मागून घे. साहेब खर्चावरून कुरकुरतील, तरी माग. आणि जुना नकाशा फुटांत आहे की मीटरात, तेही बघून घे.

बंद पडलेल्या बोगद्यात मात्र एकटी शिरायचं नाही, हवा खेळती केल्याशिवाय आणि मोजल्याशिवाय तर मुळीच नाही. रेडियमपासून निघणाऱ्या रेडॉन या किरणोत्सारी वायूला वास नाही, रंग नाही. जर्मनीतल्या श्नेबर्गचे खाणकामगार पिढ्यान्‌पिढ्या छातीच्या रोगाने जात होते. तो फुप्फुसाचा कर्करोग आहे हे दोन डॉक्टरांनी १८७९ मध्ये मांडलं, रेडॉनचा शोध लागायच्याही आधी.

गावातल्या माणसांशी बोल. खाणीतले दगड कोणी घराच्या पायात घातलेत का, हे विचार. अमेरिकेत नवाहो लोकांनी खाणीतला टाकाऊ दगड घरांना वापरला आणि त्याचे किरण घरातच राहिले. तुमचा पहिला बोअर मारण्याआधी आसपासच्या विहिरी आणि हातपंपांचं पाणी तपासून घे, तारखेसह लिहून ठेव आणि निकाल गावाला दाखव. उद्या कोणी म्हणालं की तुमच्या बोअरने पाणी बिघडलं, तर खरं काय ते गावाला आणि तुला दोघांनाही त्या कागदावरूनच कळेल.

तुझा,
काका