वाचकांचे प्रश्न : वहिनींचे वेगळे ताट

प्रश्न : थोरल्या भावाचे एड्सने निधन झाले. वहिनी अनेक वर्षे सरकारी एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रातील गोळ्या घेतात, आमच्याबरोबर खुरपणीला येतात आणि ठणठणीत आहेत. गावात आता कोणी टोमणे मारत नाही. तरीही आई त्यांचे ताट-तांब्या वेगळा ठेवते आणि धाकट्या बहिणीची सोयरीक जमेपर्यंत त्यांना माहेरी पाठवावे, असे चुलते म्हणतात. काय करावे?
— एक वाचक, कळंब, जि. धाराशिव

उत्तर : २००९ मध्ये औसा तालुक्यातील हासेगावात एचआयव्हीबाधित मुले शाळेत बसू लागली, तेव्हा इतर पालकांनी आपली मुले घरी ठेवली होती. असा उघड विरोध करायला आज माणसे कचरतात. मात्र भीती पारावरून उठून स्वयंपाकघरात जाऊन बसली आहे, हेच आपल्या पत्रातून दिसते.

आईंवर रागावू नये. त्यांनी पोटचा मुलगा या आजारात गमावला आहे, आणि तोच आजार त्यांच्या डोळ्यांसमोर आहे. पण आता या आजारावर उपचार आहेत. सरकारी केंद्रांत एआरटी मोफत मिळू लागली ती १ एप्रिल २००४ पासून. २०१७ पासून तर निदान होताच प्रत्येकाला उपचार दिले जातात. एका ताटात जेवल्याने एचआयव्ही पसरत नाही. गोळ्या नियमित घेऊन रक्तातील विषाणू तपासणीत न सापडण्याइतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातूनही तो जोडीदाराला होत नाही. मग तांब्याला घाबरण्याचे कारणच काय? वहिनींची संमती असल्यास पुढच्या वेळी गोळ्या आणायला आईंना सोबत न्यावे आणि समुपदेशकांशी त्यांचे मोकळेपणी बोलणे घडवावे. दहा वेळा समजावण्यापेक्षा आपण स्वतः त्याच तांब्याने पाणी प्यावे, हे मात्र आजच करता येईल.

चुलत्यांचे म्हणणे वेगळे आहे. त्यांना संसर्गाची नव्हे, अब्रूची धास्ती आहे, आणि तिची किंमत नेहमी विधवेनेच का मोजावी, हे मला कधी कळलेले नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही व एड्स कायद्यानुसार बाधित स्त्रीला सामाईक घरात राहण्याचा हक्क आहे. तिला तेथून बाहेर काढता येत नाही. तिच्या आजाराची माहितीही तिच्या संमतीवाचून पाहुण्यांना सांगायची नसते. हे चुलत्यांना बैठकीत सर्वांसमोर न ऐकवता एकटे गाठून सांगावे, आणि वहिनींना काय वाटते तेही आधी विचारावे. आपल्या पत्रात ते कोठेच आलेले नाही. अधिक माहिती १०९७ या मोफत क्रमांकावर मिळेल.