पैसे भरले की सुटेन

सोमवारी पहिला हप्ता भरायचा होता आणि ती शुक्रवारी संध्याकाळी माझ्याकडे सल्ल्यासाठी आली. वाळपईहून कदंबा बसने फोंड्याला, खांद्यावर ड्युटीची पर्स, हातात पारदर्शक प्लास्टिकची फाइल. तिला इथे मेघा म्हणते. नाव, गाव आणि घरचे तपशील बदलले आहेत. तिची गोष्ट लिहायला तिने स्वतः होकार दिला आहे, कारण तिच्यासारख्या किती तरी मुली हाच प्रश्न घेऊन येतात : एजन्सीमार्फत परदेशात नर्स म्हणून जायची संधी आली आहे, पण भीती वाटते, जाऊ का?

मेघा २८ वर्षांची. बीएस्सी नर्सिंग झालेलं, मग पाच वर्षं एका खासगी हॉस्पिटलात, त्यातली तीन आयसीयूमध्ये. पगार १९,०००. खासगी रुग्णालय अगदी ५० खाटांहून लहान असलं तरी तिथल्या नर्सला महिना किमान २०,००० रुपये मिळावेत, अशी शिफारस केंद्राच्या समितीने २०१६ मध्येच केली होती. मुली बाहेरची वाट का धरतात हे मला कधी वेगळं विचारावं लागत नाही.

एका एजंटने तिला दुबईच्या हॉस्पिटलात नोकरी लावून देतो म्हटलं होतं. एकूण साडेचार लाख. त्यातले दीड लाख सोमवारी, रोख, आणि सोबत सगळी मूळ सर्टिफिकेटं. "चवथीच्या आधी विमानात बसशील," असं त्याने सांगितलं होतं. आईने पाटल्या पतसंस्थेत ठेवून पैसे उचललेही होते.

"मॅडम, मला तीन आठवडे झोप नाही. एजंट फसवेल अशी भीती वाटते."

मी तिला विचारलं, "समज, एजंट शंभर टक्के खरा निघाला. मग झोप लागेल?"

ती बराच वेळ बोलली नाही. फाइलचं बटण अंगठ्याने उघडत होती, लावत होती. टक, टक. मग खाली बघूनच म्हणाली, "नाही लागणार. पण एकदा पैसे भरले ना, की सुटेन. मग मागे फिरायचा प्रश्नच उरणार नाही."

या वाक्यासाठीच मी हे सगळं लिहायला बसले. जायचं की राहायचं या ओढाताणीत माणूस इतका थकतो की निर्णय कोणीतरी आपल्या हातातून काढून घ्यावा असं त्याला वाटू लागतं. दीड लाख भरले की निर्णय दीड लाखांनी घेतला, आपण नाही. एजंटची 'सोमवारपर्यंत'ची मुदत नेमकी या थकव्यावर चालते. घाई त्याला असतेच, पण ती आपल्यालाही हवीशी झालेली असते, आणि हे स्वतःशी कबूल करायला फार जड जातं.

मी कोऱ्या कागदावर मधोमध रेघ ओढली. एका बाजूला 'कागदपत्रं' लिहिलं, दुसऱ्या बाजूला 'घर'. मेघाच्या मनात दोन भीती होत्या आणि त्यांचा एकच गुंता झाला होता. पहिलीचं उत्तर कागदपत्रं तपासून मिळतं. दुसरीचं तसं मिळत नाही, ती घरी बसून एकमेकांशी बोलावी लागते. आणि पहिली सोडवल्याशिवाय दुसरीकडे नीट बघताच येत नाही.

फाइल उघडली. ऑफर लेटरवर हॉस्पिटलचं नाव होतं, पण पत्ता नव्हता. पगार होता, ड्युटीचे तास नव्हते. पद होतं 'मेडिकल स्टाफ'. नर्स हा शब्द पूर्ण पत्रात कुठेच नाही. मी तो तिला शोधायला सांगितला. तिने दोन्ही पानं दोनदा वाचली आणि तिचा चेहरा उतरला. शेवटी होता व्हिसा. "व्हिजिट व्हिसावर जायचं, तिकडे गेल्यावर बदलून मिळतो," असं एजंट म्हणाला होता. विमानतळावर कोणी विचारलं तर फिरायला चालले म्हणून सांगायचं, हेही त्यानेच शिकवलं होतं.

एरवी मी जा किंवा जाऊ नको असं सांगत नाही. तो निर्णय समोरच्या माणसाचा असतो. पण इथे मी तटस्थ राहिले नाही. "सोमवारी एक रुपयाही द्यायचा नाही, आणि मूळ सर्टिफिकेटं तर मुळीच नाहीत," असं स्पष्ट सांगितलं. ज्या नोकरीची सुरुवातच अधिकाऱ्याशी खोटं बोलून करायला सांगतात, तिथे तुझ्या बाजूने उभं राहायला कुठलाही कायदा उरत नाही, हेही सांगितलं.

मग तिला जे समजावलं ते इथे थोडं सविस्तर देते, कारण हे गावागावात पोचलेलं नाही. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते. तो नोंदणीकृत आहे की नाही, नोंदणी चालू आहे की निलंबित, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कोणालाही मोबाइलवर बघता येतं. नोंदणी एकाच्या नावावर आणि गावात फिरतो दुसराच 'सब-एजंट', हे कायद्याला मान्य नाही. उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्कालाही मर्यादा आहे : ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे १८ टक्क्यांनी ३५,४०० रुपये. त्याची पावती द्यावीच लागते. मेघाकडे साडेचार लाख मागितले होते, तेही पावतीशिवाय. संयुक्त अरब अमिरातीच्या कामगार कायद्यातही भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करायला मनाई आहे.

नर्ससाठी आणखी एक गोष्ट आहे. आखाती देश धरून एकूण १८ देशांच्या यादीत नोकरीला जाणाऱ्या नर्सला पदवीधर असली तरी एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे नोकरीसाठी देशाबाहेर जायची सरकारी परवानगी, घ्यावा लागतो. बाकीच्या पदवीधरांना तो लागत नाही. नर्सच्या फसवणुकीच्या तक्रारी फार वाढल्या, म्हणून २०१५ मध्ये सरकारने हा नियम केला, आणि नर्सभरती कोणी करायची यावरही बंधनं आणली. केरळच्या नोर्का रूट्स आणि ओडेपेक या सरकारी संस्थांची नावं त्यात पुढे आली. म्हणून एजंट नोंदणीकृत आहे एवढ्यावर समाधान मानू नका. त्याला नर्स पाठवायची मुभा आहे का, हे विचारा. व्हिजिट व्हिसावर गेलेल्या मुलीची या व्यवस्थेत कुठेच नोंद होत नाही. क्लिअरन्सच्या वेळी घ्यायचा प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा, २७५ रुपयांत दोन वर्षांसाठी १० लाखांचा, तोही तिला मिळत नाही.

आणि दुबईत वॉर्डात उभं राहायचं तर तिथल्या आरोग्य प्राधिकरणाचा परवाना लागतो. त्यासाठी परीक्षा आणि डेटाफ्लो या कंपनीमार्फत प्रमाणपत्रांची पडताळणी. एजंट म्हणाला होता, "ते सगळं नंतर." परवान्याशिवाय तिला तिथे नर्सचं काम करता आलं नसतं. मग तिच्या वाट्याला काय आलं असतं, याचा अंदाज ती स्वतःच करू लागली. मी तिला थांबवलं नाही.

कर्जाबद्दलही बोललो. २०१४ मध्ये इराकच्या तिक्रितमध्ये ४६ भारतीय नर्स युद्धात अडकल्या होत्या. त्यांची सुटका झाली तेव्हा साऱ्या देशाने आनंद केला. पण त्यांच्यातल्या काहींना बाहेर बॉम्ब पडत असतानाही परत यावं की नाही असा प्रश्न पडला होता, कारण घरी कर्ज होतं आणि पगार थकला होता. ते वाचल्यापासून कोणी कर्ज काढून चालली असेल तर मी आधी कर्जाचा आकडा विचारते. वाईट जागा सोडून घरी येण्याची वाट तिला किती मोकळी राहील, ते त्या आकड्यावर ठरतं.

सोमवार गेला. एजंटचे अकरा फोन आले, मग आवाज चढला, मग फोन बंद झाले. मेघाला वाटलं होतं, आता हलकं वाटेल. तसं झालं नाही. पुढच्या वेळी आली तेव्हा डोळे तसेच सुजलेले. एजंट गेला, तरी झोप आली नव्हती. कागदावरच्या रेघेची दुसरी बाजू अजून कोरी होती.

मी आईला घेऊन यायला सांगितलं.

आई ६१ वर्षांच्या. वडील वारले त्याला सहा वर्षं झाली. भाऊ बोटीवर, वर्षातले नऊ महिने बाहेर. आईंना अकरा वर्षांचा मधुमेह, रोज सकाळी पेज घेण्याआधी इन्सुलिन. सुईची भीती म्हणून ते मेघाच देते. रात्रपाळी असली की सकाळच्या पहिल्या बसने धावत घरी येते, कारण आई तोवर उपाशी बसलेल्या असतात. पाच वर्षांत एक दिवस चुकलेला नाही.

आई माझ्यासमोर बसल्या आणि बोलता बोलता डाव्या मनगटावर उजवा हात फिरवत राहिल्या. पाटल्या नव्हत्या तिथे. जिथे त्या वर्षानुवर्षं होत्या, तिथली त्वचा उजळ होती.

मी विचारलं, "पाटल्या ठेवायला गेलात तेव्हा मनात काय होतं?"

"काय असणार? माझ्यापायी पोरगी अडली असं कोणी म्हणायला नको. सगळ्यांची मुलं भायर जातात. ही माझ्या सुईसाठी घरात राहिली, तर उद्या मी गेल्यावर हिचं काय?"

मेघा एकदम आईकडे वळली. "मला वाटलं, मी जावं असं तुला वाटतंय! तू पाटल्या काढून दिल्यास, मग मी नाही कशी म्हणू?"

"मी कधी म्हटलं गो बाय, की तू जाच?"

"जाऊ नको असं तरी कधी म्हटलंस?"

दोघी रडल्या. मी पाण्याचे पेले पुढे सरकवले आणि गप्प बसले. एका घरात राहणाऱ्या, एका ताटात जेवणाऱ्या या दोघी महिनाभर एकमेकींना पुढे ढकलत होत्या, आणि दोघींनाही वाटत होतं की ढकलणारी दुसरी आहे. आपल्याकडे हे फार होतं. गोव्यात बाहेर जाणं नवं नाही. प्रत्येक वाड्यावर कोणी ना कोणी बोटीवर किंवा आखातात असतो. म्हणून 'कधी जातेस?' सगळे विचारतात. 'जायचं आहे का तुला?' असं विचारणारं फार थोडं माणूस भेटतं.

तो प्रश्न मी मेघाला आईसमोर विचारला. ती लगेच म्हणाली, "हो. मला जायचंय. मोठ्या आयसीयूत काम करायचंय." इतकं सरळ उत्तर तिने पहिल्यांदा दिलं, आणि देऊन स्वतःच दचकली. आईला सोडून जायची इच्छा असणं म्हणजे आई नकोशी असणं, हे समीकरण तिने मनात घट्ट बसवून ठेवलं होतं. ते त्या दिवशी थोडं सैल झालं. अपराधीपणा पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही. ज्या मुलीने पाच वर्षं एक सकाळ चुकवली नाही, तिला जाताना काहीच वाटू नये अशी अपेक्षा मी करत नाही, आणि तुमच्याकडूनही करणार नाही. तो अपराधीपणा सोबत घेऊन निर्णय घेता येतो. तो मिटवायचा म्हणून घाईने पैसे भरले, तर तो कर्जाच्या रूपाने परत येतो.

मग बोलणं इन्सुलिनवर आलं. शेजारची बाई, गावातली आशाताई, आठवड्याला येणारी पुतणी, अशी नावं निघाली. आई ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "इतक्या बायकांना कशाला शिकवतेस? मलाच शिकव."

मेघा हसायला लागली, मग थांबली, कारण आई हसत नव्हत्या. रिकाम्या पेनवर तिने माझ्या टेबलापाशीच दाखवलं. बेंबीपासून चार बोटं सोडून, रोज जागा बदलायची, सुई सरळ, बटण शेवटपर्यंत दाबायचं, दहा अंक मोजायचे, मगच काढायची. आईंचा हात थरथरत होता. त्यांनी मोठ्याने एक ते दहा मोजलं.

पाटल्या व्याज भरून सोडवून आणल्या. सर्टिफिकेटं घरातल्या लोखंडी कपाटात आहेत, बाहेर फक्त प्रमाणित प्रती जातात. या आठ महिन्यांत मेघाने पडताळणी पूर्ण केली, परीक्षा दिली, पास झाली. खर्च स्वतःच्या पगारातून, हप्त्याहप्त्याने. दोन हॉस्पिटलांच्या मुलाखती झाल्या. एकाने नाही म्हटलं, दुसऱ्याचं उत्तर यायचं आहे. क्लिअरन्स मिळाल्याशिवाय तिकीट काढायचं नाही, हे घरात ठरलंय.

ती अजून महिन्यातून एकदा येते. मागच्या वेळी झोपेबद्दल विचारलं, तर म्हणाली, लागते, पण हल्ली सकाळी आईशी भांडण होतं. आई रोज त्याच एका जागी टोचून घेतात. ती जागा सवयीची झाली आहे, तिथे दुखत नाही, म्हणतात. मेघा वहीत तारखा घालून पोटाचं चित्र काढून देते, आणि आई ते बघतच नाहीत.