विचारा तर खरं! : ओपनिंगला गेलो, चित्रं बघायची राहिली

प्रश्न : ताई, मी फोंड्याचा, बँकेत आहे. चित्रकलेशी संबंध म्हणजे शाळेत गणेशचवथीच्या दिवसांत माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या मंडपीचं, चित्र काढायला लावायचे तेवढाच. भाची आर्ट कॉलेजात शिकते, तिने गेल्या महिन्यात एका शुक्रवारी मला पणजीत एका संध्याकाळी चित्रप्रदर्शनांची तीन ओपनिंग्ज, म्हणजे उद्घाटनं, फिरवून आणली, एक आल्तिनोवर, एक आझाद मैदानाच्या बाजूला आणि शेवटचं फोंतेन्हांसात. पहिल्या ठिकाणी समई आणि भाषणं, दुसऱ्या ठिकाणी वाईन, तिसऱ्या ठिकाणी एका खोलीत नुसती वाळू पसरलेली आणि स्पीकरमधून लाटांचा आवाज, आता समुद्र अर्ध्या तासावर असताना हे कशाला असं माझ्या मनात आलं पण बोललो नाही. चित्रकाराने येऊन कसं वाटलं विचारलं तर मी "बरें जालां" म्हटलं आणि भाचीने कपाळाला हात लावला. आमंत्रण नसताना आमच्यासारख्यांनी जावं का, काय बोलावं, आणि खरं सांगा, तिथल्या सगळ्यांना कळतं का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : भाऊ, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. नाही, सगळ्यांना कळत नाही, आणि त्या संध्याकाळी कळायचं काही कारणही नसतं, कारण ओपनिंगला चित्र दिसतच नाही. बारशाला जातो ना आपण, बाळ बघायला म्हणून जातो, पाळण्यात एकदा डोकावतो, "नाक वडिलांचं" म्हणतो आणि मग दोन तास घुगऱ्या खात मावशी-आत्यांशी बोलत बसतो, बाळ आपलं झोपलेलं. ओपनिंग तसंच आहे. चित्रकाराचे कॉलेजातले मित्र येतात, विकत घेणारे येतात, पेपरवाले येतात, आणि पाठ भिंतीकडे करून एकमेकांशी बोलतात. त्यात वाईट काही नाही, वर्षभर एकटा खोलीत काम करणाऱ्या माणसाला एक संध्याकाळ माणसं लागतात. फक्त तिथे आपल्याला चित्र कळलं नाही म्हणून आपण मठ्ठ, असं घरी नेऊ नका.

माझंच सांगते. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका ओपनिंगला गेले होते (गॅलरीचं नाव सांगत नाही, चूक वीजवाल्यांची होती). भिंतीवर एक मोठा राखाडी कॅनव्हास, मी दोनदा पुढून गेले आणि मनात म्हटलं रंग संपले वाटतं बिचाऱ्याचे. तेवढ्यात लाइट गेले. इन्व्हर्टर चालू होईना, सगळे मोबाइलचे टॉर्च लावून उभे, माझ्या शेजारच्या कुणाचा तरी टॉर्च बाजूने, भिंतीला लागून, त्या कॅनव्हासवर पडला आणि मी जागच्या जागी थांबले, कारण त्या सपाट राखाडीत सुरीने ओढलेले, खरवडलेले, पुन्हा लिंपलेले थर होते, एका कोपऱ्यात खालचा तांबडा नुसता श्वास घेतल्यासारखा वर आलेला. समोरून पडणाऱ्या झगझगीत लाइटमध्ये ते सगळं बुजून गेलं होतं. दहा मिनिटांनी लाइट आले आणि पुन्हा राखाडी. पण आता मला माहीत होतं ना! दुसऱ्या दिवशी अकरा वाजता परत गेले, गॅलरीत मी आणि झाडू मारणारी बाई, दोघीच, आणि तेव्हा कुठे ते चित्र बघितलं.

तेव्हापासून माझा नियम, ओपनिंगला माणसांसाठी जायचं, तिथे एकच काम डोळ्यात धरून ठेवायचं आणि त्या एकासाठी दिवसाउजेडी परत यायचं. बाकीची सोडून द्या बिनधास्त. आणि परत आलात की समोर उभं राहून झाल्यावर बाजूने बघा, कॅनव्हासच्या कडेला जवळजवळ गाल लावल्यासारखं (लावायचा नाही). रंग ब्रशने लावलाय, सुरीने लावलाय की रोलरने फिरवलाय ते तिथून दिसतं. चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने, म्हणजे रंगाच्या सुरीने, काम करायचे, रंग लावायचे तितकाच काढायचेही. जन्म नागपूरचा, १९२४ चा, पण मूळ गोव्याचं, त्यामुळे आपल्याला उगाच आपले वाटतात. त्याच वर्षी आपल्या साळगावात चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सोझा जन्मले, ज्यांनी १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा चित्रकारांचा गट उभा केला आणि गायतोंडेही पुढे त्यात आले. सोझांचं चित्र अंगावर येतं, गायतोंडेंचं तुम्ही जवळ जाईपर्यंत तोंड उघडत नाही, आणि ओपनिंगच्या गर्दीत नेहमी पहिल्या प्रकारचंच जिंकतं.

आमंत्रणाचं म्हणाल तर बहुतेक ओपनिंग्ज सगळ्यांना खुली असतात, नंतरचं जेवण असेल ते तेवढं निवडक. साडेसहा लिहिलं असेल तर गोव्यातले साडेसहा समजा, म्हणजे समई सव्वासातला. आणि भाची तुम्हाला फिरवते आहेच तर मधल्या चालण्यात थोडं थांबा की. आझाद मैदानाजवळ मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशातच निळ्या-पांढऱ्या फरशांची भिंत आहे, आझुलेज म्हणतात त्यांना, जॉर्ज कोलासू यांनी १९३५ मध्ये केलेली, कामोंइश या पोर्तुगीज कवीच्या महाकाव्यातले प्रसंग आहेत त्यावर. लोक आत प्रदर्शनाला जायच्या घाईत तिच्यापुढून निघून जातात. आणि फोंतेन्हांसात फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेत आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद या चित्रकाराची चित्रं आहेत, सांग्यात जन्मलेले, मुंबईत जे.जे. कला महाविद्यालयात शिकवणारे. ज्यांना "आम्हाला आपलं माणसासारखं माणूस दिसलं पाहिजे" असं वाटतं त्यांनी तिथे आधी जावं, त्रिंदादांनी रंगवलेल्या बायकांच्या चेहऱ्यांवरचा उजेड बघावा, मग वाळूकडे यावं.

वाळूचं म्हणाल तर तुमचा प्रश्न अगदी बरोबर होता, तोच विचारायचा होता! "समुद्र एवढा जवळ असताना इथे वाळू का?" असं चित्रकाराला विचारलं असतंत तर तो खूश झाला असता, कारण बाकीच्यांनी त्याला दिवसभर "अमेझिंग" एवढंच सांगितलेलं असतं. काय कळलं ते सांगू नका, कसं केलं ते विचारा, वाळू कुठून आणली, शो संपल्यावर तिचं काय करणार, आवाज कुठल्या किनाऱ्यावर रेकॉर्ड केला. यातून अर्थ आपोआप निघतो, किंवा नाही निघत, मग ते काम फसलंय असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. भिंतीवरचा तो लांबलचक मजकूर मात्र आधी वाचू नका. माझ्या मते त्यातला निम्मा चित्रकारालाही कळत नाही. आणि "बरें जालां" ला काही हरकत नाही हो, भाचीला सांगा मी सांगितलं म्हणून.

प्रश्न : चित्राखाली लाल टिकली म्हणजे विकलं गेलं एवढं कळलं, पण किंमत कुठेच लिहीत नाहीत. विचारलं तर घ्यायलाच लागेल का? आणि पहिलं चित्र घ्यायचं तर कितीपर्यंतचं घ्यावं?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : विचारा हो, म्हापशाच्या बाजारात विचारता तसंच विचारा. टेबलावर प्राइस लिस्ट असते, ती मागायची, कुणी तोंड वाकडं करत नाही आणि केलं तर त्यांचं दुर्दैव. अर्धी टिकली असेल तर कुणीतरी राखून ठेवलंय. विक्रीतला मोठा वाटा, कधीकधी निम्म्यापर्यंत, गॅलरीचा असतो, म्हणून घासाघीस करायची तर चित्रकाराशी नाही, गॅलरीच्या माणसाशी करावी.

कितीचं ते मी नाही सांगणार, तुमचा खिसा तुम्हाला ठाऊक. पण पहिली खरेदी प्रिंटची करा असं सुचवीन. प्रिंट म्हणजे फोटोकॉपी नव्हे, लिनोकट, एचिंग, लिथोग्राफ असे ठशावरून छापायचे प्रकार, ठसा चित्रकाराने स्वतः बनवलेला, खाली पेन्सिलने ५/२० असं असतं, म्हणजे विसातली पाचवी. कॅनव्हासपेक्षा पुष्कळ स्वस्त आणि तरी हाताचं काम.

एक मात्र इथल्या हवेसाठी सांगते, हे गॅलरीवाले सांगत नाहीत. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कागदाला बुरशी धरते. फ्रेम करताना ॲसिड-फ्री माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा आम्ल नसलेला पुठ्ठा, मागा, काच कागदाला टेकता कामा नये, फ्रेमच्या मागच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळते, आणि ज्या भिंतीला बाहेरून पाऊस झोडपतो तिच्यावर तर लावूच नका. माझ्याकडच्या एका सुंदर लिनोकटवर तपकिरी ठिपके आलेत ते याच आळसामुळे. पाहुणे त्याला नक्षी समजतात, मी समजू देते.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची, चित्रं काढायची फार आवड, पण ओपनिंगला नेली तर दहा मिनिटांत कंटाळली आणि एका मूर्तीला हात लावला, आम्हाला ओरडा बसला. न्यावं की नाही?
– एक आई, वास्को

उत्तर : ओपनिंगला नको. तिच्या उंचीवरून तिला फक्त लोकांचे पाय दिसतात. पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत म्युझियम ऑफ गोवा आहे ना, तिथे न्या, सुबोध केरकरांनी २०१५ मध्ये काढलेलं, डॉक्टरकी सोडून चित्रकलेत आलेला माणूस, शिंपल्या, होड्या, समुद्र असल्या तिला ओळखीच्या गोष्टींतून काम करणारा. आणि डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी हा कलामहोत्सव लागतो तेव्हा सकाळी जा, नावनोंदणी केली की फुकट असतं, संध्याकाळी नुसती रेटारेटी. हातात एक वही-पेन्सिल द्या, हात गुंतले की मूर्तीकडे जात नाहीत. आणि तिला काय आवडलं ते विचारायच्या आधी काय आवडलं नाही ते विचारून बघा, परतीच्या रस्त्यावर पूल ओलांडेपर्यंत बोलत राहील.