बारदान खालून बांधा, वरून नाही

प्रश्न : निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याचा. घरामागे २० बाय ३० फुटांचं शेड आहे, तुसाच्या गादीवर ३०० गावरान कोंबड्या. थंडी पडल्यापासून रात्री चारही बाजूंनी बारदान सोडतो. पहाटे आत गेलं की डोळे चुरचुरतात. काही कोंबड्यांच्या डोळ्यांतून पाणी येतंय. चुना मारला तर वास उलट वाढला. औषध कोणतं देऊ?

उत्तर : दादा, औषधाआधी बारदानाकडे बघू.

शेडात जागा पुरेशी आहे, कोंबडीला २ चौरस फूट मिळते. अडचण ओलीची आहे. थंडीतही एक कोंबडी दिवसाला २०० मिली पाणी सहज पिते, म्हणजे ३०० कोंबड्यांचं ६० लिटर. हे बहुतेक पाणी विष्ठेतून आणि श्वासातून परत शेडातच येतं. पंधरा लिटरच्या चार बादल्या रोज बंद खोलीत ओतल्यासारखंच आहे ते. पहाटे पत्र्याला आतून बोट लावून बघा. बोट ओलं झालं, तर रात्री हवा बाहेर गेलीच नाही असं समजा.

विष्ठेवरचा पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल. ओल्या तुसात जिवाणू त्याचा अमोनिया करतात. हवेच्या दहा लाख भागांत तो २५ भागांच्या आत असावा. डोळे चुरचुरायला लागले म्हणजे ही मर्यादा बहुधा ओलांडली गेलेली असते. दिवसभर शेडात वावरणाऱ्याचं नाक त्या वासाला सरावतं. म्हणून पहाटे बाहेरून आल्या आल्या उकिडवं बसून, कोंबडीच्या उंचीवर वास घ्या. तिचं नाक जमिनीपासून फूटभरावर असतं आणि ती तीच हवा रात्रभर ओढते. अमोनियाने श्वासनलिकेतली बारीक लव खराब होते आणि मग सर्दी-घरघरीला वाट मोकळी होते.

चुन्याने वास का वाढला? चुन्यामुळे गादीचा सामू (पीएच) वाढतो आणि तुसात अडकलेला अमोनिया मोकळा होतो. चुना वाईट नाही, पण तो बॅच निघाल्यावर रिकाम्या शेडाच्या जमिनीला आणि भिंतींना. कोंबड्या असताना ओल्या गादीवर नको.

आता बारदान. तुमचं वळचणीला बांधून खाली सोडलेलं असणार, बहुतेक ठिकाणी तसंच असतं. ते उलटं करा : खालची कड भिंतीला पक्की करा आणि वरची कड दोरीने ओढून घ्या, वर फूटभर फट राहील अशी. उबदार दमट हवा वर चढते आणि त्या फटीतून जाते. खालच्या कोंबड्यांना झोत लागत नाही. ही फट रात्रीही उघडी ठेवा. वाऱ्याच्या बाजूची थोडी कमी केली तरी चालेल, बंद मात्र करू नका. सकाळी दहाच्या सुमारास ऊन आलं की बारदान पूर्ण खाली उतरवून बाजू उघड्या करा.

निफाडची थंडी कडक असते, तुमची काळजी मला कळते. पण पिसं पूर्ण आलेली कोंबडी कोरडी थंडी सोसते, ओल सोसत नाही. पिल्लांचं वेगळं : पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी उतरवायची. तिथे कोळशाची शेगडी असेल, तर वरची फट अजूनच हवी. कोळशाचा विषारी वायू बंद खोलीत जीव घेतो.

गादीचं बघू. मूठभर तूस घट्ट दाबून सोडा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त, अलगद सुटला तर ठीक. ड्रिंकरभोवतीच्या (पाण्याच्या भांड्याभोवतीच्या) ढेपा खोऱ्याने काढून टाका, नवं तूस घाला आणि गादी निदान ४ इंच ठेवा. घोटीकडच्या भातगिरण्यांत तूस मिळतं. बुरशीचं किंवा भिजलेलं घेऊ नका. ड्रिंकरची कड कोंबडीच्या पाठीइतकी उंच ठेवा, म्हणजे पाणी सांडणार नाही. एक दिवसाआड दाताळ्याने गादी वरखाली करा, पण दुपारी, बारदान उघडं असताना.

काढलेल्या ढेपा उघड्यावर टाकू नका, माश्या होतात आणि शेजारी बोलतात. पालापाचोळ्याचे थर देत खड्ड्यात कुजवा. द्राक्षाच्या बुडाशी कच्चं खत घालू नका, मुळांना चटका बसतो.

चार-पाच दिवसांत डोळ्यांचं पाणी थांबलं नाही, तोंडावर सूज, घरघर, हिरवी हगवण दिसली किंवा मर झाली, तर दुकानातून अँटिबायोटिक आणू नका. आजारी कोंबड्या वेगळ्या करून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवा.